गेलेल्या माणसाची स्कूटर माझ्या नावावर होईपर्यंत

वाहनाचा मालक हयात नसेल तर ते वाहन विकत घेता येते का, आणि घेतले तर ते कायद्याने आपले कसे होते, हे मला जानेवारी २०२५ पर्यंत ठाऊक नव्हते. त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे कळले ते क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण त्या काळात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांनी मला एक तर ‘असली गाडी घेऊच नको’ असे सांगितले किंवा चुकीची वाट दाखवली.

मी ठाण्यात मानपाड्याला आईबरोबर राहते आणि नोकरीसाठी रोज कुर्ल्याला जाते. सकाळी टीएमटी बसच्या रांगेत आणि रात्री रिक्षाच्या रांगेत जाणारा वेळ असह्य झाला, तेव्हा स्टेशनपर्यंत जाण्यापुरती एखादी जुनी स्कूटर घ्यावी असे ठरवले. ऑफिसमधल्या मैत्रिणीने वर्तकनगरमधल्या एका कुटुंबाबद्दल सांगितले. २०१७ सालची ॲक्टिव्हा, एकहाती वापरलेली, फक्त मालक वारलेले आहेत, असे ती म्हणाली.

१२ जानेवारीला, रविवारी, मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवण्याआधीच सांगून टाकले, ‘गाडी बघण्याआधी हे ऐक, मग घ्यायची का ते ठरव.’ ९ जुलै २०२४ रोजी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे ही स्कूटर ठाणे स्टेशनजवळच्या पे ॲण्ड पार्कमध्ये लावली, लोकल पकडून ते दादरला कामावर गेले आणि दुपारी तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. घरच्यांना स्कूटरची आठवण झाली ती सहाव्या दिवशी. कुठल्या पार्किंगमध्ये आहे हे कुणालाच माहीत नव्हते. मुलगा दुसरी चावी घेऊन, भर पावसात, एकेका पार्किंगमध्ये नंबर शोधत फिरला. सापडली तेव्हा सीटवर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. पार्किंगवाल्याने सहा दिवसांचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर सहा महिने ती सोसायटीच्या आवारात उभी होती. दोन दलाल येऊन गेले होते. त्यांपैकी एकाने, ‘मयताची गाडी आहे, गिऱ्हाईक मिळत नाही,’ असे म्हणून तिची किंमत अठरा हजार केली होती. काकूंना अठरा हजारांपेक्षा ते वाक्य जास्त लागले होते. मी तीस हजारांना तयार झाले. बाजारभावाने ती किंमत योग्य होती, आणि मालक हयात नाही म्हणून भाव पाडावा असे त्या घरात बसून माझ्या मनातही आले नाही. दोन हजार रुपये बयाणा काकूंच्या बँक खात्यात भरला आणि साध्या कागदावर पावती करून घेतली. त्यात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या: हस्तांतरण झाले नाही तर बयाणा परत, आणि उरलेली रक्कम गाडी काकूंच्या नावावर झाल्यावरच. अशा व्यवहारात माणसे कितीही भली असली तरी हा कागद करावा. पुढे प्रश्न पडले की तोच दोन्ही घरांना अवघडलेपणापासून वाचवतो.

घरी आईने ऐकले आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘त्यांचा जीव अडकला असेल गं त्या गाडीत. आपल्या दारात नको.’ मी तिच्याशी वाद घातला नाही, पण विचार मात्र करत राहिले. आमच्या घरातली शिलाई मशीन माझ्या मावशीची आहे. मावशी जाऊन अकरा वर्षे झाली, आणि आई आजही त्याच मशीनवर ब्लाउज शिवते. तेराव्याला छत्री, चपला, अंथरूण-पांघरूण दान देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, म्हणजे गेलेल्याच्या वस्तू दुसऱ्याच्या वापरात जाव्यात हे आपल्याला काही नवे नाही. मावशीच्या मशीनची भीती वाटत नाही, कारण मावशी आपली होती. तिचा आवाज, तिचे रागावणे आपल्याला माहीत आहे. परक्या माणसाच्या वस्तूत मात्र आपल्याला फक्त त्याचे मरण दिसते, कारण त्याच्याबद्दल तेवढेच ठाऊक असते. हे लक्षात आल्यावर मी ठरवले की काकांविषयी काकू जे सांगतील ते ऐकायचे, टाळायचे नाही.

१९ जानेवारीला मेकॅनिक घेऊन गेले. सहा महिने उभी राहिलेली स्कूटर लगेच किकवर सुरू करू नये, आधी जुने पेट्रोल काढून टाकावे, असे त्याने सांगितले. कार्ब्युरेटर साफ केला, बॅटरी नवी घातली, मागचा टायर बसून चिरला होता तो बदलला. सगळे मिळून ३,१५० रुपये झाले.

डिकी मात्र मी उघडली नाही, काकूंना बोलावले. दुसऱ्याची गाडी घेताना डिकी घरच्यांनीच रिकामी करावी, हे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे. आत रबर लावून गुंडाळलेला निळा रेनकोट होता, पुसून पुसून कडक झालेले पिवळे फडके होते, आणि पारदर्शक पिशवीत आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राची, झेरॉक्स, वित्त कंपनीचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि त्याबरोबरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ अशी कागदपत्रे घड्या मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्यावर ठेवलेली होती. आरसीवरचा कर्जाचा बोजा काकांनी चार वर्षांपूर्वीच उतरवून घेतला होता. ज्यांच्या गाडीवर तो अजून दिसत असेल त्यांनी आधी तो उतरवावा, नाहीतर पुढचे काहीच होत नाही. काकूंनी रेनकोट उचलला, झटकला आणि पुन्हा डिकीत ठेवला. म्हणाल्या, ‘असू दे. पावसात लागेल.’

मग परिवहन कार्यालयातली कामे करून देणारा एजंट आला. त्याने साडेचार हजारांत दहा दिवसांत काम करून देतो म्हणून सांगितले. कसे, असे विचारल्यावर म्हणाला की विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर मागची तारीख टाकू आणि साहेबांची, म्हणजे काकांची, सही मारू. मृत्यूचा दाखला दाखवायचाच नाही. त्याच्या बोलण्यावरून ही रोजचीच पद्धत असावी असे वाटले. काकूंनी फॉर्म हातात घेतला, सहीची रिकामी जागा पाहिली आणि तो त्याला परत दिला. ‘ते गेले आहेत. ते सही करणार नाहीत,’ एवढेच म्हणाल्या.

अशी सही ही सरळसरळ बनावट कागदपत्र असते. उद्या त्या गाडीने अपघात झाला आणि विमा कंपनीने किंवा न्यायालयाने सहीची तारीख मृत्यूच्या दाखल्याशी ताडून पाहिली, तर खरेदीदाराची मालकीच संशयात येते, आणि सही करणारे घर फौजदारी गुन्ह्यात अडकते. योग्य मार्ग दोन पायऱ्यांचा आहे. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग त्या वारसाने फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ती विकायची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ५६ व्या नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवले, तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा असतो. दुःखात हे तीस दिवस कुणाच्या ध्यानात राहणार! काकूंच्याही राहिले नव्हते. त्यामुळे उशिराचे शुल्क भरावे लागले, पण रस्ता बंद झाला नव्हता. गाडी मात्र माझ्या नावावर होईपर्यंत चालवायची नाही असे आम्ही ठरवले आणि ती वर्तकनगरलाच राहिली.

कागद गोळा करायला फेब्रुवारी गेला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणी होते, त्यामुळे दाखला ठाण्याचा नव्हे तर मुंबई महापालिकेचा होता. काकूंकडे त्याच्या दोनच प्रती शिल्लक होत्या. बँक, गॅस, सोसायटी, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक ठिकाणी तो लागतो, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा प्रती काढून ठेवाव्यात. आरसीवर काकांचे नाव आद्याक्षरांसह होते आणि दाखल्यावर पूर्ण, म्हणून ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र केले. ८ फेब्रुवारीला नोटरीकडे ते आणि मुलगा व मुलगी यांचे ना-हरकत पत्र असे दोन कागद झाले. मुद्रांक आणि नोटरी धरून १,६०० रुपये लागले. मुलगी त्यासाठी पुण्याहून आली होती.

विम्याची गाठ सोडवणे सर्वांत अवघड गेले. मालकाच्या मृत्यूनंतर त्याची पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच टिकते. इथे दोन्ही उलटून गेले होते. ऑनलाईन नवी पॉलिसी काढायला गेले की आरसीवरचे, म्हणजे काकांचेच नाव आपोआप येत होते, आणि हयात नसलेल्या माणसाच्या नावाची पॉलिसी असून नसल्यासारखी. इकडे हस्तांतरणाच्या अर्जाला चालू विमा हवा. शेवटी आम्ही दोघी एका विमा कंपनीच्या शाखेत मृत्यूचा दाखला आणि ना-हरकत पत्र घेऊन प्रत्यक्ष गेलो, आणि तिसऱ्या खेपेला, २० फेब्रुवारीला, काकूंच्या नावाने थर्ड पार्टी पॉलिसी मिळाली. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला हप्ता ७१४ रुपये, करासह ८४३. हे काम फोनवर किंवा संकेतस्थळावर करण्यात वेळ दवडू नये, सरळ शाखेत जावे.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी क्रमांक पाटी बसवल्याशिवाय हस्तांतरण होत नाही, म्हणून तीही नोंदवली. दुचाकीसाठी ४५० रुपये आणि कर, एकूण ५३१. तारीख मिळाली ७ मार्चची. केंद्र जवळ होते, म्हणून काकूंचा मुलगा आणि मी स्कूटर ढकलत तिथवर नेली. जुनी पाटी काढली तेव्हा तिच्यामागे वाळलेला चिखल होता. मुलाने तो बोटाने खरवडला आणि म्हणाला, ‘बाबा दर रविवारी धुवायचे, पण इथे हात पोचला नसणार.’ त्याच फेरीत ५० रुपयांत पीयूसी, म्हणजे धुराची तपासणीही झाली.

अर्ज भरण्याआधी गाडीवर थकीत ई-चलान आहे का ते पाहावे, असे कुणीतरी सांगितले होते. एक निघाले. २८ जून २०२४, नितीन कंपनी जंक्शन, थांबारेषा ओलांडली, दंड ५००. चलानाबरोबर छायाचित्र असते. मी ते आधी एकटीने उघडले, आणि मग काकूंना दाखवावे की नाही या विचारात बराच वेळ गेला. दाखवले. छायाचित्र मागून घेतलेले होते: पाठीवर सॅक, निळा रेनकोट, ओला रस्ता आणि रेषेच्या हातभर पुढे गेलेले चाक. काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चित्र मोठे केले, पुन्हा लहान केले. ‘हा त्यांचा शेवटचा फोटो आहे,’ त्या म्हणाल्या. ‘घरातले सगळे मे महिन्यातल्या लग्नातले आहेत.’ तो फोटो त्यांनी स्वतःकडे पाठवून घेतला आणि दंडही स्वतःच भरला.

१० मार्चला परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसलो. हस्तांतरणाचे कारण निवडताना विक्री, मृत्यू, लिलाव असे पर्याय येतात. आपल्याला मृत्यू निवडायचे असते. पुढे ओटीपी जातो तो गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाईलवर, म्हणजे काकांच्या. मी थांबले, कारण नंबर बंद असेल तर तो आधी बदलून घेण्याचे वेगळे काम होते. काकू उठल्या, देवघराशेजारच्या खणातून त्यांचा फोन काढून आणला. चार्ज केलेला होता. त्या दर महिन्याला रिचार्ज करत होत्या. फोनवर ओटीपी आला, त्यांनी चष्मा लावून सहा आकडे एकेक करून वाचले आणि मी ते भरले. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो, म्हणून घरातले माणूस गेल्यावर गाडी, बँक आणि गॅसची कामे होईपर्यंत त्याचा नंबर चालू ठेवावा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. काकूंनी तो या विचाराने चालू ठेवला नव्हता, हे वेगळे.

छापील अर्जावर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. मेकॅनिकने जागा दाखवली, मी कागद धरला आणि काकूंच्या मुलाने शिसाची पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवली. एकेक अक्षर पांढरे उमटत गेले. दोनदा कागद सरकला. तीन-चार प्रती एकदमच काढून ठेवाव्यात, पुढच्या अर्जालाही लागतात.

१२ मार्चला परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि काकूंना विचारले, ‘मिस्टरांच्या आई आहेत का?’ होत्या. गावी, संगमेश्वर तालुक्यात, एक्याऐंशी वर्षांच्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी आणि मुलांबरोबर आईही पहिल्या वर्गातली वारस असते, हे आम्हा कुणालाच सुचले नव्हते. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. ज्यांच्याकडे असा प्रसंग असेल त्यांनी ना-हरकत पत्राच्या पहिल्याच मसुद्यात आईचे नाव घालावे. आमचे दोन आठवडे यातच गेले.

२२ मार्चला मुलगा गावी गेला आणि आजीला देवरुखला नेऊन नोटरीपुढे तिचा अंगठा घेऊन आला. अंगठा देण्याआधी आजीने विचारले की गाडी कुणाला देता आहात. मुलाने तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला. आजींना ऐकू कमी येते. त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘माझ्या झिलाची गाडी हाय. पावसात उभी करू नको हां.’ मी हो म्हणाले. त्या आवाजापुढे माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. ते बोलणे आईनेही स्वयंपाकघरातून ऐकले होते. त्या दिवसानंतर तिने ‘दारात नको’ हे वाक्य पुन्हा उच्चारले नाही.

२६ मार्चला अर्ज दाखल झाला. पाडव्याला, ३० मार्चला, गाडी घरी येईल असे नातेवाईकांना वाटत होते, ते झाले नाही. अक्षय्य तृतीयाही गेली. १७ एप्रिलला पोर्टलवर काकूंचे नाव दिसले आणि २९ एप्रिलला त्यांच्या नावाचे स्मार्ट कार्ड टपालाने आले. त्यांच्या नावावर झालेले ते पहिलेच वाहन होते. ‘आता मी मालकीण झाले आणि लगेच विकते आहे,’ असे म्हणताना त्यांचा आवाज थोडा बदलला, म्हणून मी विचारले की ठेवायची असेल तर ठेवा, बयाणा मी सोडून देते. त्यांनी नाही म्हटले. खाली आवारात उभी असलेली गाडी रोज दिसते, आणि ती हलत नाही हेच बघवत नाही, असे म्हणाल्या.

दुसरी पायरी त्यामानाने सरळ होती. ५ मे रोजी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर दोघींच्या सह्या झाल्या, त्याच दिवशी मी उरलेले अठ्ठावीस हजार भरले. दुचाकीच्या हस्तांतरणाचे मूळ शुल्क १५० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० आहे. ते दोनदा भरावे लागले, आणि पहिल्या वेळचे उशिराचे शुल्क व टपाल धरून २,६०० च्या आसपास गेले. किंमत सोडून एकूण खर्च सुमारे ९,३०० रुपये झाला. पहिल्या हस्तांतरणाचे पैसे काकूंनी मला भरू दिले नाहीत. ४ जूनला पोर्टलवर माझे नाव आले. विमा खरेदीदाराच्या नावावर करण्यासाठी विक्रीपासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते, तो अर्ज मी मे महिन्यातच देऊन ठेवला होता.

८ जूनला, रविवारी, गाडी आणायला गेले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता. काकूंनी स्कूटर धुऊन ठेवली होती. दोन्ही चाव्या दिल्या, हळदीकुंकू वाहिले आणि मला म्हणाल्या, ‘आता ओटीपी यायचा काही राहिला नाही ना?’ मी नाही म्हणाले. रिचार्ज चौदा तारखेला संपत होता. त्यांनी तो आणखी एका महिन्याचा केला असे नंतर मुलाकडून कळले.

मानपाड्याला आईने दारात नारळ फोडला आणि डिकीतला रेनकोट बाहेर काढून वळचणीला वाळत घातला. १६ जूनला मी पहिल्यांदा स्टेशनला स्कूटर नेली आणि पे ॲण्ड पार्कमध्ये, छताखालची जागा बघून लावली. प्लॅटफॉर्मवर पोचते न पोचते तोच आईचा फोन आला, ‘कुठे लावलीस?’ मी पार्किंगचे नाव आणि खांबाचा क्रमांक सांगितला. संध्याकाळी घरी आले तेव्हा तो क्रमांक भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला होता, आणि त्याच खिळ्याला दुसरी चावी अडकवलेली होती.